उत्तराची वाट पाहणारं यंत्र

१९७५ साली निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात पहिलीच्या मुलांना रेडिओवरून गणित शिकवायला सुरुवात झाली. भाग मसायाचा, शेतीवर जगणाऱ्या खेड्यांचा. मुलांकडे पुस्तकं जवळजवळ नव्हती आणि शिक्षकांची गणिताची तयारीही बेताची होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर रोजचे पाठ तयार केले. त्यांत पात्रं होती, गाणी होती, खेळ होते. एवढं आपल्या आकाशवाणीवरच्या बालोद्यानातही असायचं. वेगळी होती ती मधली शांतता. रेडिओतलं पात्र विचारायचं, "चार आणि तीन किती?" आणि गप्प व्हायचं. काही सेकंद नुसती खरखर. तेवढ्यात वर्ग मोठ्याने उत्तर द्यायचा, वहीत लिहायचा किंवा खडे मोजायचा. मग रेडिओ म्हणायचा, "सात," आणि पुढे सरकायचा. कीर्तनात बुवा अभंगाचा चरण अर्धा सोडतात आणि श्रोते तो पुरा करतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे पुढचे शब्द कुणाला पाठ नसत, ते शोधून काढावे लागत.

रेडिओला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. वर्गाने "नऊ" म्हटलं असतं तरी तो "सात"च म्हणणार होता. पण मुलांना पाठभर सतत काही ना काही ठरवावं लागत होतं, आणि ठरवलेलं बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळत होतं. पाठ लिहिणारी मंडळी मुलांच्या नियमित चाचण्या घेत आणि त्यांत दिसलेल्या अडचणी पाहून पुढचे पाठ सुधारत. नंतर काही वर्गांना पाठ्यपुस्तकं, काहींना रेडिओ आणि काहींना दोन्ही नाही, अशी रीतसर तुलना करण्यात आली. पुस्तकं मिळालेले वर्ग पुढे गेले. रेडिओचे वर्ग त्यांच्याही बरेच पुढे गेले. हीच पद्धत पुढे केनियात इंग्रजीसाठी आणि बोलिव्हियात गणितासाठी वापरली गेली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनेही मराठी शाळांतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी अशाच धाटणीचे रेडिओपाठ तयार केले.

दुसरं टोक लंडनचं. २००३-०४ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या वर्गांसाठी सरकारी पैशातून इंटरॅक्टिव्ह बोर्ड बसवण्यात आले. बोटाने हलवता येणारी चित्रं, रंग, चित्रफिती, सगळं होतं. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेने त्याची पाहणी केली आणि २००७ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक पडलेला नव्हता. वर्गात काय चालतं याची अहवालातली वर्णनं आकड्यांपेक्षाही बोलकी आहेत. एकेका मुलाने उठायचं, बोर्डाशी जायचं, एखादा शब्द योग्य चौकटीत ओढायचा आणि जागेवर येऊन बसायचं. तोवर बाकीच्यांनी बघत राहायचं. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या वर्गात तर या ये-जा करण्याने शिकण्याचा वेग उलट मंदावला. एका मुलाचं बोट बोर्डावर असताना उरलेला अख्खा वर्ग प्रेक्षक झाला होता.

म्हणजे एकतर्फी समजलं जाणारं माध्यम मुलांना कामाला लावू शकतं, आणि ज्याच्या खोक्यावरच इंटरॅक्टिव्ह छापलेलं आहे ते त्यांना बसवून ठेवू शकतं. यंत्राला स्पर्श कळतो की नाही, यावरून काहीच ठरत नाही. माझ्या मते वर्गातल्या कुठल्याही साधनाला दोनच प्रश्न विचारावेत. ते प्रत्येक मुलाच्या उत्तरासाठी थांबतं का? आणि उत्तर चुकलं तर पुढे काही बदलतं का? निकाराग्वाचा रेडिओ पहिल्या प्रश्नात पुरता पास होतो आणि दुसऱ्यात काठावर. लंडनचा बोर्ड पहिल्यातच अडकतो.

ट्रक आणि मोटार

या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट खेड्यातल्या शाळेतली नाही, हार्वर्डची आहे. एरिक मझूर तिथे भौतिकशास्त्र शिकवत. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते, परीक्षेचे निकाल उत्तम लागत होते. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात ॲरिझोनाच्या डेव्हिड हेस्टिनिस यांचे लेख आले. विद्यार्थी बलाची गणितं सोडवतात, पण बल म्हणजे काय हे त्यांना समजलेलं नसतं, असा हेस्टिनिस यांचा दावा होता. आपल्या मुलांना हे लागू नाही, अशी मझूर यांची खात्री होती. म्हणून त्यांनी हेस्टिनिस यांचे प्रश्न वर्गात दिले.

त्यातल्या एका प्रश्नाचा मथितार्थ असा: जड ट्रक आणि छोटी मोटार एकमेकांवर आदळतात. ट्रकने मोटारीवर लावलेलं बल जास्त, की मोटारीने ट्रकवर लावलेलं? न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की दोन्ही सारखीच. हा नियम त्या वर्गातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. तरीही बऱ्याच जणांनी ट्रकच्या बाजूने कौल दिला. एका विद्यार्थिनीने तर मझूर यांनाच विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे. हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान असतं हे वाक्य सगळे म्हणून दाखवतील, आणि मग ट्रकलाच मत देतील.

मझूर यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. थोडं बोलायचं, मग एक प्रश्न पडद्यावर टाकायचा. प्रत्येकाने मिनिटभर एकट्याने विचार करून आपलं उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं. मग पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे बरोबर असतील तर पुढचा मुद्दा घ्यायचा. फारच थोडे बरोबर असतील तर परत समजावून सांगायचं. मध्येच कुठेतरी आकडा अडकला तर चर्चेला खरी मजा येते. सुरुवातीला विद्यार्थी हात वर करत, कार्ड दाखवत. नंतर क्लिकर आला. मुठीत मावणारं हे छोटं यंत्र, बटण दाबलं की शिक्षकाच्या संगणकावर मत नोंदवलं जातं. ही पद्धत जगभर गेली, आणि तिच्याबरोबर क्लिकरचा धंदाही.

२००८ मध्ये माँट्रिअलच्या एका कॉलेजमध्ये नथॅनियल लास्री या प्राध्यापकाने एक साधी तुलना केली. एका गटाला क्लिकर, दुसऱ्याला पुठ्ठ्याची कार्डं. शिकवणं तेच, प्रश्न तेच. शिकण्यात फरक पडला नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण तो यंत्र आणि पद्धत यांची फारकत करून दाखवतो. शिकणं घडतं ते स्वतःच्या मताशी बांधून घेण्यात आणि त्यावर शेजाऱ्याशी वाद घालण्यात. क्लिकर मतं झटकन मोजतो आणि कुणी काय म्हटलं हे गुपित ठेवतो. शिक्षकाच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही, पण तो तेवढाच आहे. पुष्कळ ठिकाणी क्लिकर शेवटी हजेरी घेण्यासाठीच वापरला गेला, यात मग नवल वाटत नाही.

कुणाला वाटेल की चर्चेत हुशार मूल बाकीच्यांना उत्तर सांगून टाकत असेल. कोलोराडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं आणि २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालं. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही सुधारणा दिसली. बोलता बोलता, एकमेकांना अडवता अडवता मुलं उत्तरापर्यंत पोचली होती.

आकडे हवे असतील तर दोन पुरेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती शिकून झालं, हे त्यांनी मोजलं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के, विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला लावणाऱ्या पद्धतींत ४८ टक्के. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास तपासले. व्याख्यानांच्या वर्गांत ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले होते, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के.

प्रयोग पाहिला, समजला नाही

आता आपल्या शाळांत रोज घडणाऱ्या एका गोष्टीकडे वळू. विज्ञानाचा तास आहे, प्रयोगशाळेत साहित्य नाही, किंवा आहे पण कपाटाला कुलूप आहे. शिक्षक टीव्हीवर यूट्यूबचा व्हिडिओ लावतात. प्रयोग नेटका होतो, रंग बदलतो, मुलं "ओ!" म्हणतात. तास संपतो.

मझूर यांच्याच गटाने २००४ मध्ये अशा प्रात्यक्षिकांची परीक्षा घेतली. तीही व्हिडिओवरची नाही, वर्गात प्रत्यक्ष करून दाखवलेल्या प्रयोगांची. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला त्यांची समज, ज्यांनी तो पाहिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा फारशी बरी नव्हती. पण प्रयोग सुरू करण्याआधी "आता काय होईल?" असं विचारून प्रत्येकाकडून अंदाज नोंदवून घेतला, की समज ठळकपणे वाढली. त्यासाठी तासातली दोनेक मिनिटंच जास्त लागत होती. अंदाज चुकला की माणूस प्रयोगाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो. अंदाजच केला नसेल तर समोर घडेल ते आपल्याला आधीपासून ठाऊकच होतं, असं त्याला वाटून जातं. काही विद्यार्थी तर पाहिलेला प्रयोग नंतर आपल्या चुकीच्या समजुतीला जुळेल असा आठवतात.

व्हिडिओचंही असंच. हार्वर्डमधल्या कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली त्यांचं लक्ष कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली, आणि शेवटच्या चाचणीत ते पुढे राहिले. स्मरणाच्या अभ्यासकांना याचं आश्चर्य वाटणार नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही जणांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदाच वाचून तो पुन्हा पुन्हा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. लगेच परीक्षा घेतली तर एक पद्धत जिंकते आणि आठवड्याने घेतली तर दुसरी.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचंही हेच. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या केनेथ कोडिंगर यांच्या गटाने मानसशास्त्राच्या एका मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमातली नोंद तपासली. व्हिडिओ जास्त पाहण्यापेक्षा अधिक कृती सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापट बळकट निघाला.

मग एवढं उघड असताना नुसतं दाखवणारी साधनं इतकी लोकप्रिय का? याचं उत्तर मला २०१९ च्या एका अभ्यासात सापडतं. लुई देलॉरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात तोच भाग, तीच साहित्यसामग्री दोन पद्धतींनी शिकवली. एका तुकडीला सराईत, रसाळ व्याख्यान. दुसरीला गटात बसून प्रश्न सोडवणं. चाचणीत दुसरी तुकडी जास्त शिकलेली निघाली. पण "तुम्ही किती शिकलात?" असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होतं की आपण जास्त शिकलो. ओघवतं बोलणं ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं. स्वतः झगडताना काहीच येत नाही असं वाटतं. शाळेच्या गॅदरिंगला पालकांसमोर डिजिटल वर्गाचं प्रात्यक्षिक ठेवतात तेव्हा फिरणाऱ्या हृदयाची ॲनिमेशन दाखवतात, अपूर्णांकात अडकलेली मुलगी दाखवत नाहीत. खरं शिकणं बघायला फारसं देखणं नसतं. साधनं विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा ती स्वतः वापरून शिकणारा नसतो, हीही अडचण आहेच.

उपग्रहापासून क्यूआर कोडपर्यंत

निकाराग्वात रेडिओ सुरू झाला त्याच वर्षी भारतात त्याहून कितीतरी मोठा प्रयोग सुरू झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. 'साइट' नावाच्या या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. पण त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. सकाळचे कार्यक्रम शाळेतल्या मुलांसाठी असत. नुसतं पाहून भागणार नाही, हे आखणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणात दूरचित्रवाणीला रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृतींची जोड दिलेली होती. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि मराठी मुलांच्या एका पिढीने दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले. ते पाहिल्याची आठवण आज अनेकांना प्रेमाने येते. काय शिकलो हे विचारलं तर मात्र बहुतेक जण शीर्षकगीत सांगतात.

करोनाच्या टाळेबंदीत, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागू लागलं तेव्हा आखणी बदललेली होती. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनच्या या मालिकेतले पाठ घरातल्या वस्तू घेऊन मुलाने स्वतः करून पाहायच्या कृतींभोवती रचलेले होते. माध्यम जुनंच, एकतर्फी. कामाला मात्र मूल लावलेलं. निकाराग्वाच्या रेडिओचंच हे नातेवाईक.

संगणकाचा अनुभव जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि तो बहुतेक आपल्या शेजारचा. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत सरकारने दिलेले संगणक धूळ खात होते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांसाठी त्यांचा वापर सुरू केला. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, गणिताचे खेळ. बरोबर उत्तरं येतील तसे प्रश्न अवघड होत जाणार. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची चाचणी घेतली. दुसऱ्या वर्षाअखेर फायदा इतका होता की शंभर मुलांच्या क्रमवारीत बरोबर मध्यावरचं मूल अठराएक मुलांना मागे टाकून पुढे जावं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेलं आहे.

अहमदाबादला ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत ली लिंडन यांनी केलेला प्रयोग त्याहून सूचक आहे. तेच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरलं. शाळेच्या वेळेत, शिक्षिकेच्या शिकवण्याऐवजी संगणक लावला तिथे मुलं संगणक नसलेल्या मुलांपेक्षा कमी शिकली. शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून लावला तिथे जास्त शिकली, विशेषतः मागे पडलेली मुलं. यंत्र तेच, खेळ तेच. ज्या वर्गात आधीच चांगलं शिकवणं चालू होतं तिथला तास त्याने खाल्ला, एवढाच फरक.

दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या कार्यक्रमाची परीक्षा झाली. सॉफ्टवेअर अहमदाबादच्याच एका कंपनीचं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत, हे आधी कळलं. वर्गात शिक्षक सहावीचं पुस्तक शिकवतात, व्हिडिओही सहावीचाच दाखवतात. मूल साडेतिसरीत आहे. तिथे कितीही सुंदर ॲनिमेशन लावा, ती त्याच्या डोक्यावरूनच जाणार. माइंडस्पार्क मुलाच्या उत्तरांवरून त्याची पातळी शोधतं आणि तिथून सुरुवात करतं. चूक कशा प्रकारची आहे त्यावर पुढचा प्रश्न बदलतं. शाळेबाहेरच्या केंद्रांत साडेचार महिने, रोज अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकाबरोबर, एवढ्यात गणितात लक्षणीय आणि हिंदीतही चांगली प्रगती दिसली. माझ्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर इतक्या नेमकेपणाने देणारं साधन भारतात तोवर क्वचितच पाहायला मिळालं होतं.

उलट, यंत्र हाती दिलं की मूल आपोआप शिकेल, हा विश्वास महागात पडला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुलांचा उत्साह दांडगा होता. पण याच योजनेची सर्वांत मोठी तपासणी पेरूमध्ये ३१९ शाळांत झाली, आणि तिथे गणित किंवा भाषेच्या गुणांत काहीही वाढ आढळली नाही. लॅपटॉप दिले होते. त्यावर काय करायचं, हे शिक्षकांना नीट सांगितलं गेलं नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामाचा मोठा वाटा होता. शिक्षकाच्या हाताने झालेलं काम राज्याच्या आणि पुढे देशाच्या पुस्तकांत गेलं, याचं कौतुक आहेच. पण कोड हा नुसता दरवाजा आहे. डिसले यांनी त्यामागे कविता, गोष्टी, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले होते. आज आपल्या पुस्तकातले कोड स्कॅन करावेत आणि किती दरवाज्यांमागे व्हिडिओ आहे, किती ठिकाणी मुलाला काही ठरवावं लागतं, हे पालकांनी स्वतः मोजून पाहावं.

दाखवण्याची जागा

याचा अर्थ दाखवणारी साधनं फेकून द्यावीत असा नाही. ज्वालामुखीचा उद्रेक, पेशीविभाजन, समुद्राचा तळ हे कुठल्या वर्गात करून बघणार? शिवाय अगदी नवख्या मुलाला थेट समस्येत ढकलणंही बरं नाही. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी दाखवलं की बीजगणित नुकतंच सुरू केलेली मुलं, सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासून जास्त शिकतात. स्वतः चाचपडण्यातच त्यांची सगळी ताकद खर्च होते. पुढे तयारी वाढली की हेच उलटतं. तेव्हा आधी थोडं दाखवणं, मग लगेच करायला लावणं, हा क्रम ठीक. आपल्याकडे पहिली पायरी होते आणि घंटा वाजते.

करून बघण्यासाठी चकटफू आणि उत्तम साधनं आहेत. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. विद्युतमंडलाचं सिम्युलेशन घ्या. मुलाने घटाची दोन टोकं तारेने थेट जोडली की पडद्यावर आग लागते. खऱ्या प्रयोगशाळेत शिक्षक हे करू देणार नाहीत आणि व्हिडिओत मुलाला करता येणार नाही. २००५ च्या एका अभ्यासात हे सिम्युलेशन वापरलेले कॉलेजचे विद्यार्थी, खऱ्या दिव्या-तारांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. इतकंच काय, नंतर खरं मंडल जोडून दाखवण्यातही. मात्र हेच सिम्युलेशन शिक्षकाने प्रोजेक्टरवर स्वतः चालवून दाखवलं, की ते पुन्हा व्हिडिओच होतं.

आणि आता बोलणारी यंत्रं आली आहेत. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ वापरायला दिलं गेलं. मागेल ते उत्तर देणारा साधा चॅटबॉट मिळालेल्यांनी सरावात ४८ टक्के चांगली कामगिरी केली. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते, चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडले. दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने घडवलेला, उत्तर न देता फक्त पुढची खूण सुचवणारा चॅटबॉट दिला होता. त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं. मुलाशी इतका मोकळा संवाद साधणारं यंत्र आजवर झालं नव्हतं. तरी विचार ते करत होतं आणि मूल उतरवून घेत होतं.

शाळा व्यवस्थापन समितीत असाल, किंवा गावातून वर्गणी काढून टीव्ही नाहीतर बोर्ड घ्यायचा विचार चालू असेल, तर एक विनंती. कंपनीचा माणूस नमुना दाखवायला येईल तेव्हा यंत्रासमोर मागच्या बाकावरच्या मुलीला बसवा आणि तिला मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला सांगा. यंत्र पुढे काय करतं ते पाहा. मग विचारा की वर्गातल्या उरलेल्या चाळीस जणांनी या वेळात काय करायचं. उत्तरं पटली नाहीत तर पैसे राखून ठेवा आणि तोवर पुठ्ठ्याची अ, ब, क, ड अशी चार कार्डं प्रत्येक मुलाकडून करून घ्या. 'प्लिकर्स'सारखं ॲप वापरलं तर शिक्षकाच्या एकाच मोबाइलने छापील कार्डांवरून सगळ्या वर्गाची उत्तरं टिपता येतात; मोबाइल नसेल तर डोळेही पुरतात. पहिला प्रश्न म्हणून ट्रक आणि मोटारीचाच विचारा.